दोरीसाठी सोडलेली जागा

आत या. सावकाश या.

बाहेर तंजावरचं ऊन आहे, राजवाड्याच्या अंगणात साचलेलं. आत पाऊल टाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारून येतं. येऊ द्या. डोळे आपले आपण सरावतील.

एक श्वास घ्या. सोडा.

तुम्ही तंजावरला नसाल, तरी चालेल. डोळे मिटून इथे या. (डोळे मिटून वाचता येत नाही, हे मलाही कळतं. दोन ओळी वाचा, डोळे मिटा, थांबा, पुन्हा उघडा. आपल्याला कुठेही पोचायचं नाही.)

हे सरस्वती महाल ग्रंथालय. नायक राजांनी वाड्यात जपलेल्या पोथ्यांपासून याची सुरुवात झाली. पुढे भोसल्यांनी ते वाढवलं. आज इथे सुमारे 49,000 हस्तलिखितं आहेत. सर्वांत जास्त संस्कृत. मग तमिळ, मराठी, तेलुगू. वेद आहेत, पुराणं आहेत, रामायणं आहेत. वैद्यक आहे, नाटकं आहेत, हत्ती आणि घोडे कसे पारखावेत याचे ग्रंथ आहेत.

आकडा ऐकलात ना? आता तो विसरा.

आपल्याला एकच पान बघायचं आहे.

वाटेत भिंतीवर काही चेहरे लागतील. एका बाजूला माणूस, शेजारी त्याच्याशी मिळताजुळता प्राणी. शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची ही चित्रं, तंजावरच्या सरफोजीराजांच्या हौसेने इथवर आलेली. घुबडासारखा माणूस बघून हसू येतं. हसा. आणि पुढे या.

आता काचेपाशी थांबा.

काचेवर तुमचं प्रतिबिंब आहे. थोडे बाजूला सरका. ते निघून जाईल.

आत एक ताडपत्र आहे.

फक्त बघा.

लांब आहे, अरुंद आहे. दोन-तीन बोटं आडवी धरली तर रुंदी झाकून जाईल. लांबी कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत. रंग पिवळट तपकिरी, कडांशी जास्त गडद. एका कोपऱ्याचा तुकडा उडालेला आहे. ओळी आडव्या, दाट, एकीला एक लागून.

पानाच्या मधून काही शिरा गेल्या आहेत. बारीक, समांतर. अक्षरांच्या खालून त्या या टोकाकडून त्या टोकाकडे जातात.

त्या शिरा बघा. हे पान एके काळी झाडावर होतं.

झाडावर असतानाचं पान आठवा. उंच. वाऱ्यात सळसळणारं. त्यावर पाऊस पडतो आहे.

थांबा इथे थोडं.

मग कोणीतरी ते कोवळं असतानाच उतरवतो. मधली शीर काढून टाकतो. पाण्यात उकळतो. सावलीत वाळवतो. घासून घासून गुळगुळीत करतो. सारख्या मापाची पानं कापतो आणि एकावर एक रचतो. अजून त्यावर एकही अक्षर नाही.

कोऱ्या ताडपत्रांच्या त्या चळतीवर हात ठेवला आहे, असं समजा. थंड. गुळगुळीत. किंचित तेलकट.

श्वास घ्या.

आता लिहिणारा बसला आहे.

त्याच्यापुढे दौत नाही. बोरू नाही. हातात लोखंडाची टोकदार लेखणी आहे. डाव्या तळहातावर पान आहे. डावा अंगठा लेखणीला टेकू देतो. काही लेखनिक त्या अंगठ्याच्या नखाला एक खाच पाडून ठेवत, लेखणी घसरू नये म्हणून.

त्या नखाकडे बघा. त्यावरची खाच बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी लोखंड टेकलं आहे.

आता ऐका.

कर्र. कर्र. कर्र.

अक्षर कोरलं जातं आहे. पण ते दिसत नाही. पानाच्या रंगाची रेघ पानावरच उमटते आणि पानातच हरवते. लिहिणाऱ्याला ती फार तर उजेड तिरपा पडला तर दिसते. ओळ संपते. दुसरी सुरू होते. तो जवळजवळ न दिसणारं लिहितो आहे.

पान भरतं. उलटतो. दुसरी बाजू भरते.

मग तो काजळी घेतो, तेलात कालवतो आणि पानावरून चोळतो. सगळं पान काळं होतं. वाटतं, गेलं. मग तो कापडाने ते पुसतो. वरची काजळी निघून जाते. कोरलेल्या खाचेत गेलेली तिथेच राहते.

आणि अक्षर वर येतं.

इथे थांबा. ही एक गोष्ट मनात हळूहळू पुन्हा होऊ द्या. काळं पान. कापड. पुसणारा हात. आणि उजळ पानावर एकेक अक्षर.

पुन्हा एकदा.

काळं पान. कापड. हात. अक्षर.

अक्षरं बघा. ती आपल्या ओळखीची नाहीत. इकडे संस्कृत बहुधा ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीत किंवा तेलुगू लिपीत लिहीत. सगळी वळणंच वळणं. डोक्यावर शिरोरेघ नाही. असं म्हणतात की शिरांच्या दिशेने सरळ आडवी रेघ ओढली तर ताडपत्र तिथेच चिरतं, म्हणून हात गोल फिरायला शिकला. तमिळ पोथ्यांत तर अक्षरावरचं टिंबही बहुतेक वेळा देत नसत, टोचलं तर पानाला भोक पडेल म्हणून. वाचणारा ते टिंब मनातल्या मनात देई.

लिहिणाऱ्याने पानाला दुखू नये इतपतच लिहिलं आहे. उरलेलं वाचणाऱ्यावर सोपवलं आहे.

तुम्हाला यातलं काही वाचता येत नाही. मलाही येत नाही. आज ते बरंच आहे. वाचता आलं असतं तर डोळे अर्थाच्या मागे धावले असते आणि पान बघायचं राहून गेलं असतं.

बघत राहा.

आता नजर पानाच्या मधल्या भागाकडे न्या.

तिथे एक भोक आहे.

लहान, गोल. त्यातून दोरी जायची. सगळ्या पानांना एकाच जागी भोक, वर आणि खाली लाकडाची फळी, आणि सगळ्यांतून ओवलेली एकच दोरी. दोरी सैल केली की पानं एकेक करून सरकवून वाचायची. आवळली की पोथी मिटली.

भोकाच्या भोवती बघा.

तिथे काही लिहिलेलं नाही.

ओळ येते, भोकाच्या अलीकडे थांबते, थोडी जागा सोडते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. खालची ओळही तशीच. तिच्या खालचीही. उंबरठ्याशी रांगोळी काढताना पाऊल टाकण्यापुरती जागा सोडावी, तशी ही सोडलेली जागा. दोरी येता-जाता घासेल, अक्षर झिजेल, म्हणून तिथे अक्षरच नको.

आपण या जागेपाशी बसणार आहोत.

एवढीशी तर आहे. बोटाच्या पेरात मावेल.

श्वास आत घ्या, तेव्हा डावीकडची अक्षरं बघा. श्वास जिथे क्षणभर थांबतो, तिथे ही मोकळी जागा बघा. श्वास बाहेर सोडा, तेव्हा उजवीकडची अक्षरं बघा.

पुन्हा.

अक्षरं. जागा. अक्षरं.

पुन्हा.

मन दुसरीकडे गेलं असेल. दुपारचं जेवण, गाडीची वेळ, न उचललेला फोन. जाऊ द्या. रागवू नका त्याच्यावर. हळूच परत आणा. भोकाच्या भोवती बसवा.

अक्षरं.

जागा.

अक्षरं.

काय वास येतो आहे?

काचेतून येणार नाही. पण पोथ्या जिथे ठेवतात तिथल्या कपाटांची कल्पना करा. ताडपत्र कोरडं पडलं की कडक होतं, मोडतं. म्हणून त्यावर गवती चहाच्या जातीचं तेल फिरवतात. पान पुन्हा मऊ होतं, किडा लांब राहतो. आणि कपाटांत कापडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची इथली जुनी रीत आहे. वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांची पूड त्यात असते.

वेखंड. हा वास तुम्हाला ठाऊक आहे. बाळंतिणीच्या खोलीतला. न्हाऊन आलेल्या बाळाच्या टाळूवरचा.

तो वास आठवा. आठवला की नाकपुड्या जराशा फुलतात.

तान्ह्या मुलाला जे लावतात, तेच इथे पोथीला. मला यातलं शहाणपण किड्यापुरतं वाटत नाही.

श्वास घ्या. वेखंड. कापूर. थोडं तेल.

सोडा.

आता जरा मान वर करा. ज्याच्या नावाने हे ग्रंथालय ओळखलं जातं, त्या राजाचीही दोन घटका आठवण करू.

सरफोजीराजे, दुसरे. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घराण्यातले. 1798 मध्ये गादीवर बसतात. दुसऱ्याच वर्षी, 1799 मध्ये, कंपनी सरकारशी तह होतो आणि राज्याचा कारभार हातून जातो. उरतो किल्ला. उरतो राजवाडा.

तो राजवाडा बघा. फौज नाही. मुलूख नाही. वसुलीचे कागद आता दुसऱ्याच्या कचेरीत जातात. संध्याकाळ आहे. मोठमोठी दालनं आहेत.

त्या रिकाम्या दालनांत थोडा वेळ उभे राहा.

काही भरून टाकायची घाई करू नका.

सरफोजीराजे तिथे पोथ्या आणतात. विकत घेतात. विकत मिळत नाहीत त्यांच्या नकला करवतात. गावोगाव पंडित धाडतात. 1820 मध्ये काशीयात्रेला निघतात, आणि तीर्थाच्या वाटेवरही पोथ्या जमवतात.

1803 मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात, दगडी भिंतीवर, आपल्या घराण्याची हकीगत मराठीत कोरवून घेतली आहे. तो भला थोरला शिलालेख बघायला लोक जातात, आणि जावंच. पण दगडाला दोरी लागत नाही. दगड कोणी उलटून वाचत नाही.

परत आपल्या पानाकडे या.

एक नक्कल करणारा बसला आहे, असं समजा. कुठे बसला आहे ते नका ठरवू. त्याच्या डाव्या बाजूला जुनी पोथी, उजव्या बाजूला नवी पानं. जुनी पोथी जीर्ण आहे. ताडपत्र जपलं तर साधारण दोन-तीनशे वर्षं टिकतं. या दमट हवेत कधी कधी तेवढंही नाही. म्हणजे त्याच्या डाव्या हातचं पानही कोणीतरी त्याआधीच्या पानावरून उतरवलेलं आहे. आणि ते त्याच्याही आधीच्या पानावरून.

तो डावीकडे बघतो. एक चरण वाचतो. ओठ हलतात. उजवीकडे बघतो. लिहितो.

डावीकडे. ओठ. उजवीकडे. हात.

त्या हलणाऱ्या ओठांकडे बघा. आवाज येत नाही. पण शब्द तोंडातून गेल्याशिवाय हातात उतरत नाही.

ऐका.

काही ऐकू आलं नाही, तरी ऐकत राहा.

काचेपलीकडे मराठीही आहे. तीन हजारांच्या आसपास मराठी हस्तलिखितं या महालात आहेत. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरकडे होते, तिथल्या संतांच्या रचना त्यांत आहेत. भोसल्यांच्या दरबारातली नाटकं आहेत. आणि मोडीतल्या दप्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, वाड्याच्या हिशेबांचे, नेमणुकांचे, देण्याघेण्याचे.

मोडी धावते. हात उचलायचा नाही, अक्षराला अक्षर जोडत सुटायचं. ताडपत्रावरचं अक्षर असं धावू शकत नाही. धावलं तर पान फाटायची भीती. एकाच वाड्यात हे दोन वेग नांदतात. सकाळी कारकून मोडीत ओळींमागून ओळी उरकतो, आणि कुठल्याशा ओसरीवर दुसरा कोणी दिवसभरात मोजकीच पानं कोरतो.

आत्ता तुमचा वेग कोणता आहे?

उत्तर देऊ नका. नुसतं बघा.

कागद आला. ताडपत्र हळूहळू मागे पडलं. आता एक कागदाची जुनी पोथी डोळ्यांपुढे आणा, गुजरात-राजस्थानाकडच्या जैन भांडारातली. आकार अजूनही आडवा, लांबट. कागदाला कोणी तशी सक्ती केली नव्हती, ताडपत्राची सवय. शाई काळी. समासाच्या उभ्या रेघा तांबड्या. कुठे अक्षर चुकलं तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप, आणि लेपावर नवं अक्षर.

आता तिच्या पानाच्या मध्यभागी बघा.

तिथे ओळी थांबतात. थोडी जागा सुटते. पुन्हा सुरू होतात.

पण भोक नाही.

दोरी नाही. या पोथ्या ओवून बांधतच नाहीत, नुसत्या बासनात गुंडाळतात. तरी पानोपानी लेखनिकाने मधोमध ती जागा मोकळी ठेवली आहे. कधी तिला चौकोनाचा आकार दिला आहे, कधी शंकरपाळ्याचा. मध्ये तांबडा ठिपका ठेवला आहे.

दोरी गेली. जागा राहिली.

बसा इथे.

त्या जागेचा उपयोग काय, हे त्या लेखनिकाला कोणी विचारलं असेल का? गुरूने तसं लिहिलं होतं म्हणून त्याने लिहिलं. गुरूच्या गुरूने तसं लिहिलं होतं. कागद महाग, तरी जागा सोडली. मला वाटतं, इतकी शतकं डोळ्यांना त्या थांब्याची सवय झाली होती. ओळीच्या मध्ये नजर टेकायला काही नसलं तर वाचणाऱ्याला दम लागला असता.

अक्षरं.

जागा.

अक्षरं.

या वेळी मधल्या जागेत जरा जास्त वेळ थांबा. अक्षरं आहेत तिथेच आहेत. पळून जात नाहीत.

काही वाटतं आहे का? शांत वाटलं तर शांत. कंटाळा आला तर कंटाळा. त्या जागेत दोन्हीही ठेवता येतात.

श्वास.

अजून एक.

आता शेवटच्या पानाकडे या. पोथी लिहून झाली की लेखनिक तिथे दोन-चार ओळी स्वतःच्या लिहितो. शक, तिथी, वार. कोणासाठी लिहिली. कधी आपलं नाव, कधी गावाचंही. मग अनेक जण एक गाऱ्हाणं मांडतात: पाठ वाकली, मान आखडली, नजर खाली लावून मोठ्या कष्टाने हे लिहिलं. आणि गाऱ्हाण्यामागून विनंती येते, की ही पोथी पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, सैल बांधू नका, अडाण्याच्या हाती देऊ नका.

(तेलापासून जपा ही विनंती कागदाला विशेष लागू. दिव्याचं तेल सांडलं की कागद गेला. ताडपत्राला मात्र तेलच लागतं. ज्याचं पथ्य त्याला.)

ते वाकलेलं शरीर बघा. आता तुमच्या पाठीकडे लक्ष द्या. तुम्हीही वाकून बसला आहात, वाचता वाचता. पाठ सरळ करा. मान सैल सोडा. खांदे खाली येऊ द्या.

त्याला जे जमलं नाही, ते तुम्ही करा.

1918 मध्ये राजघराण्याच्या या खाजगी संग्रहाचं सार्वजनिक ग्रंथालय झालं. 1983 मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. म्हणजे हे पान आता तुमचंही आहे. काचेपलीकडचं, हात न लावता येणारं, पण तुमचं.

शेवटचं एकदा बघून घ्या.

पान. भोक. भोवतीची जागा.

आणि आता उठा.

उठल्यावर एक काम आहे. तुमच्या घराच्या माळ्यावर, गावच्या वाड्यात, देवघराच्या वरच्या फळीवर लाल बासनात बांधलेलं काही असेल. आजोबांच्या वेळचं, कोणी न सोडलेलं. लिपी लागत नाही, पानं जीर्ण झालीत, म्हणून अशा पोथ्या नदीत विसर्जन करण्याची रीत आपल्याकडे आहे. करू नका. हात धुऊन कोरडे करा, बासन सोडा, पान दोन्ही हातांनी उचला आणि आज इथे बघितलंत तसं थोडा वेळ नुसतं बघा. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. यांपैकी जे जवळ पडेल तिथल्या जाणत्या माणसाला ती पोथी एकदा दाखवा, आणि मगच तिचं काय करायचं ते ठरवा.